एकाच खात्यावरचं घर

ही गोष्ट सांगायचं मी सात वर्षं टाळलं. टाळायला कारणं भरपूर सापडली. कधी घरात पाहुणे, कधी माझी साखर वाढलेली. कधी जिला सांगायचं ती नेमकी हसत असायची, आणि हसणाऱ्या माणसाला थांबवून असलं काही सांगणं बरं दिसत नाही, असं मीच मला पटवायचो. पण यंदा पुन्हा लग्नसराई आली आणि आता माझ्याकडची कारणं संपली.

आमच्या अंजूरला लग्नसराई आली की आधी नाकाला कळतं. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला चिखलाचा वास बारा महिने असतोच. या दिवसांत त्यात ओल्या हळदीचा, तांदळाच्या वड्यांचा, मांडवाला बांधलेल्या आंब्याच्या आणि उंबराच्या डहाळ्यांचा वास मिसळतो. भातशेती जाऊन गोदामं आली, तरी दोन गोदामांच्या मधे जी काही मोकळी पट्टी उरते तिच्यात मांडव पडतोच. एकीकडे कंटेनर मागे घेताना ‘पी पी’ वाजतं, दुसरीकडे बेंजो पार्टी सूर जुळवत असते. कुणीतरी पुढे होऊन ड्रायव्हरला सांगतं, “भाईसाब, थोडा रुको, हलदी है.” तोही गाडी बंद करून खाली उतरतो आणि थोड्या वेळाने पंगतीत वडे खाताना दिसतो.

गेल्या आठवड्यात कोनला हळद होती, माझ्या मेहुण्याच्या नातीची. नवरीजवळ बायकांची गर्दी झाली होती. माझी सून निशा कुणाचा तरी फोन घेऊन फोटो काढायला पुढे सरकली, तेवढ्यात माझा भाचा प्रकाश खुर्चीवरून ओरडला, “ए, वयनीच्या हातात फोन नको देऊ रं! सगलं वराड डिलीट करल!”

मांडव हसला. निशाही हसली. “भाऊजी, तुमच्यापासूनच सुरुवात करते,” म्हणाली. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

तर ही त्या ‘डिलीट’ची गोष्ट.

माझा मुलगा महेश इथल्याच एका गोदामात संगणकाचं काम बघतो. तो एका कंपनीच्या प्रेमात पडला. तिचं नाव मी घेत नाही. आमच्या घरात तिला नुसतं ‘कंपनी’ म्हणतात. आधी तिचा फोन आला. मग लॅपटॉप आला, मग माझ्यासाठी टॅबलेट, सुमनसाठी म्हणजे माझ्या बायकोसाठी फोन, आणि शेवटी माझ्या मनगटावर तिचं घड्याळ. महेश म्हणायचा, “बाबा, सगळं एकाच कंपनीचं घेतलं की सगळं एकमेकांशी बोलतं.”

बोलतं म्हणजे किती बोलतं, ते पुढे कळलं. महेशने सगळ्या यंत्रांना मिळून एकच खातं उघडलं, तेही माझ्या नावाने, कारण पहिला नंबर माझ्या नावावर होता. चौघांना चार पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? एका चुलीवर जेवतो तसं एका खात्यावर राहू, असं ठरलं. त्यामुळे घरातलं कुठलंही यंत्र उघडलं की कंपनी म्हणायची, ‘नमस्कार, गजानन.’ सुमनने लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर माझं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. आता ते तिच्या तळहातावर दिवसातून दहा वेळा उगवायला लागलं. “या कंपनीला मी दिसतंच न्हाय का? दर टायमाला आपलं तुमचंच नाव!” ती चिडायची. माझ्या वाढदिवसाला कंपनीने आम्हा चौघांनाही शुभेच्छा दिल्या, तेव्हा तर तिने फोन उशीखाली कोंबला.

गंमत होती ती. मासेवालीने सुमनला फोन केला की तो माझ्या टॅबलेटवरही वाजायचा. “ताजे बोंबील आलेत,” ती म्हणायची आणि सुमनच्या आधी मीच सांगून टाकायचो, “दोन वाटे ठेव.” बाजाराच्या यादीत निशाने ‘कोथिंबीर, आलं’ लिहिलेलं असायचं, त्याखाली माझी रक्तातली साखर, त्याखाली महेशच्या कुठल्या तरी गाडीचा नंबर. एकदा सुमनने ती यादी तशीच वाण्याला वाचून दाखवली आणि वाणी विचारत बसला, “एकशे ऐंशी काय? ग्रॅम?” माझ्या गोळीची आठवण चार ठिकाणी वाजायची. एका साखरपुड्यात ऐन अंगठी घालताना आमच्या घरातल्या चारही खिशांतून आणि पर्सांतून घंटा झाली; नवऱ्या मुलाने दचकून अंगठी खाली पाडली.

आणि तो नकाशा! कोण कुठे आहे ते त्यावर ठिपक्याने दिसायचं. मी फिरायला म्हणून निघायचो. घरी आलो की सुमन दारातच उभी. “तुमचा ठिपका अंजूरफाट्याला वडापावच्या गाडीवर काय करत होता?”

“रस्ता क्रॉस करत होता.”

“पंधरा मिनटं?”

चाळीस वर्षं मी भिवंडीत पॉवरलूमवर काढली, शेवटची वीस मुकादम म्हणून. शेडमध्ये उभं राहिलं की कुठल्या लूमवर तार तुटली ते मला डोळे मिटून कळायचं. पण त्या खडखडाटाने बाकीच्या जगासाठी माझे कान निम्मे गेले. बोटांचंही तेच झालं. सुताने बोटांच्या रेषा इतक्या घासल्या की कंपनीला माझं बोट ओळखूच येईना. अंगठा टेकवला की ‘पुन्हा प्रयत्न करा.’ दुसरं बोट टेकवलं की तेच. ज्याच्या नावाने खातं, त्यालाच दार बंद. मी टॅबलेट कपाटावर ठेवून दिला आणि जाहीर केलं, “मला या यंत्राची गरज नाही.” पुढे फोन लावायला, फोटो दाखवायला, बातम्या काढायला मी सगळ्यांना हाका मारायला लागलो. खरं सांगतो, त्यातही सुख होतं. काही येत नाही म्हटलं की माणसं धावून येतात.

निशाने एक दिवस तो टॅबलेट कपाटावरून खाली काढला. ती गणेशपुरीकडची, आमच्या घरात नवीनच आलेली, बोलायला शांत. दुपारी जेवणं झाल्यावर सुमन आडवी झाली की निशा मागच्या पडवीत येऊन बसायची. तिने माझी दहाही बोटं एकेक करून त्या काचेवर टेकवून बघितली. डाव्या हाताची करंगळी चालली. करंगळीने लूमवर काही काम केलं नव्हतं ना, तिच्या रेषा शाबूत होत्या.

“बाबा, दाबून धरू नका. नुसतं टेकवा. गालावर बसलेली माशी उडवतो तेवढंच.”

“आणि हे कुणाला सांगायचं नाही हां,” मी म्हणालो.

“का हो?”

“सत्तरीला आलोय. सुनेपुढे पाटी घेऊन बसलो म्हणतील.”

ती हसली, पण तिने कुणाला सांगितलं नाही. त्या हिवाळ्यात मी तिच्याकडून पत्र लिहायला, फोटो मोठा करून बघायला, खाडीचा नकाशा वरून बघायला शिकलो. आपलं गाव पक्ष्याला कसं दिसतं ते मी त्या दुपारी पाहिलं. नको असलेलं पुसायलाही तिनेच शिकवलं. “पुसलं की ते आधी टोपलीत जातं, बाबा. महिनाभर तिथे राहतं. टोपलीही रिकामी केली की मगच जागा मोकळी होते.” पुढे चारचौघांत मी तिला हाक मारायचो, “निशा, हे जरा लावून दे गं,” आणि ती येऊन लावून द्यायची. आमच्या दोघांचं ते गुपित होतं आणि मला ते फार आवडायचं.

आता धवल्यांचं सांगतो. आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. धवले म्हणजे लग्नातली गाणी. ती गाते तेव्हा लग्न उभं राहतं. हळद दळताना वेगळा धवला, मांडव घालताना वेगळा, तेल चढवताना वेगळा. माझी थोरली बहीण जनाबाय ही गावची धवलारीण. प्रकाश तिचाच मुलगा. तिला ही गाणी आमच्या आईकडून आली, आईला तिच्या आईकडून. कागदावर एक ओळ नाही. त्यांतल्या एका लांबलचक धवल्यात आधी सगळ्या देवांना बोलावणं असतं, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. त्यात आमच्या आईचं नाव यायचं. जनाबाय त्या जागी सूर जरा लांबवायची.

निशाला या गाण्यांचं वेड लागलं. त्या वर्षी लग्नसराई सुरू झाल्यापासून ती जनाबायच्या मागे मांडवामांडवात फिरली. परक्या गावाहून आलेली सून, पण धवलारणीशेजारी तिला जागा मिळायला लागली. म्हाताऱ्या बायका तिला सरकून पाट द्यायच्या. जनाबायची एकच अट होती.

“देवाला बोलवताना माजं तोंड नको घेऊस. बाकी काय ते घे.”

“तोंड नाही घेत, आत्या. नुसता आवाज.”

म्हणून निशा कॅमेरा जमिनीकडे करून फोन पालथा ठेवायची. व्हिडिओच घ्यायची, कारण तो आपोआप खात्यात जाऊन साठायचा आणि घरातल्या सगळ्यांना ऐकता यायचा. चित्र मात्र नसायचं. नुसता काळोख, फार तर कडेला लुगड्याचा एक कोपरा. असे चाळीसेक व्हिडिओ झाले.

सराई ऐन भरात असताना प्रकाशचं लग्न आलं. लग्नघर म्हणजे साफसफाई आलीच. आमच्या आणि शेजारच्या जनाबायच्या, दोन्ही घरांच्या भिंतींना चुना लागला, माळ्यावरची पितळी भांडी खाली आली, भंगारवाला दोन फेऱ्या करून गेला. मला कुणी कशाला हात लावू देईना. “तुम्ही बसा,” सुमन म्हणाली. बसलो. टॅबलेट उघडला, तर कंपनीचा निरोप आला होता, ‘जागा संपत आली आहे.’

मला बरंच वाटलं. चला, मलाही काहीतरी साफ करायला मिळालं. निशा बाजारात गेली होती. म्हटलं, तिला विचारायचं नाही, आल्यावर चकित करू. व्हिडिओ उघडले तर ओळीने काळे चौकोन. एक, दोन, दहा, चाळीस. खिशात फोन चुकून चालू राहिला की असेच काळे व्हिडिओ निघतात, ते मला ठाऊक होतं. एकदोन चालवून बघितले, काळोखच. टॅबलेटचा आवाज बंद होता आणि तो चालू करावा असं माझ्या मनात आलं नाही. ज्याचे कान लूमने खाल्ले, तो डोळ्यांवर विश्वास ठेवतो. करंगळीने एकेक खूण केली आणि पुसलं. मग आठवलं, टोपली! तीही रिकामी केली. लग्नाच्या घरात कचरा कशाला ठेवायचा? ‘जागा मोकळी झाली,’ असं कंपनीने सांगितलं, तेव्हा मी स्वतःशीच मान डोलावली.

लग्न थाटात झालं. चौथ्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओटीवर सगळे जमले होते. महेशला वाटलं, टीव्हीला जोडून आत्याचे धवले सगळ्यांना ऐकवावेत. त्याने फोन उघडला. लॅपटॉप उघडला. निशाचा फोन मागितला. मग त्याचा चेहरा उतरला. काय झालं ते मला लगेच कळलं, कारण एका क्षणात ते चाळीस काळे चौकोन माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

“एकाच खात्यावर आहे ना सगळं,” महेश म्हणाला. “एकीकडे पुसलं की सगळीकडून जातं. आणि नुसतं पुसलेलं नाही, टोपलीही रिकामी केलीय. हे या घरात मला नि निशालाच येतं.”

“वयनी, परवाच नवा फोन घेतलास ना तू?” प्रकाश म्हणाला.

“यांच्याकडं मात्र बघू नका,” सुमनने माझ्याकडे हात केला. “यांना साधा फोन लावायचा तरी सून लागते.”

सगळे हसले. त्या हसण्यात निशाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. तिला कळलं होतं. टोपली कुणाला शिकवली होती ते तिच्याइतकं कोण जाणणार? ती वाट बघत होती, असं मला आजही वाटतं. मी मान वळवून मांडवाच्या डहाळ्या बघत बसलो.

“फोन बदलताना माझ्याकडूनच झालं असेल,” निशा म्हणाली.

महेशने कंपनीला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. पलीकडची मुलगी फार सौम्य होती. खातं माझ्या नावाचं, म्हणून बोलायला परवानगीही माझीच लागली. “गजाननजी, क्या आपकी अनुमति है?” मी “हां” म्हणालो. तिने शोधलं आणि सांगितलं की टोपली रिकामी झाल्यावर त्यांच्याकडेही काही उरत नाही. महेशने विचारलं, “किस डिवाइस से डिलीट हुआ, ये पता चलेगा?”

“सॉरी सर, वो हम नहीं बता पाएँगे.”

मला केवढं हायसं वाटलं! त्या हायसं वाटण्याची लाज मी सात वर्षं बाळगून आहे. बाकीचं एक वेळ माफ करता येईल.

जनाबाय मात्र हसत होती. “गेलं तर जाऊ दे गं पोरी. मी काय मेलंय? परत गातंय.” ती खरंच तयार होती. पण निशाने पुन्हा फोन पालथा ठेवला नाही. ज्या बायका सरकून पाट द्यायच्या, त्याच आता लांबून म्हणायच्या, “हिला नको गं, ही पुसंल.” चेष्टाच होती. कुणी रागावलं नाही, कुणी भांडलं नाही. पण हळूहळू निशा धवलारणीच्या शेजारून उठून वडे तळायच्या चुलीकडे जाऊन बसायला लागली. पावसाळा लागायला अजून दोन महिने होते; तेवढ्यात मी एक वाक्य बोललो असतो, ‘मी पुसलं’, तर चेष्टा माझ्यावर आली असती आणि तिने सगळे धवले पुन्हा घेतले असते. जनाबाय धडधाकट होती. वेळ होता.

त्याच पावसाळ्यात जनाबायच्या अंगावरून वारं गेलं. ती वाचली, आजही पंगतीत माझ्या ताटातला वडा उचलते, पण जीभ जड झाली. आता मांडवात दुसऱ्या गावची धवलारीण येते. चांगली गाते. जनाबाय शेजारी बसून गुडघ्यावर ठेका धरते. देवांना बोलावणं होतं, गेलेल्यांनाही होतं. आमच्या आईचं नाव त्यात येत नाही. या बाईला ते कसं ठाऊक असणार?

भीती कुणाची होती, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारतो. ओरडणारं तर कुणीच नव्हतं. मला वाटतं, मला काही येत नाही या गोष्टीचं जे कौतुक घरात होतं, ते जाईल याचीच भीती होती. चूक केल्यापेक्षा शिकल्याचं कबूल करणं मला जड गेलं. हे आता लिहिताना मलाच हसू येतं, पण तेव्हा ते खरं होतं.

त्यानंतर महेशने सगळ्यांची खाती वेगळी केली. आता सुमनच्या फोनवर तिचं नाव उगवतं, म्हणून ती खूश आहे. मासेवाली माझ्याकडे वाजत नाही. गोळीची आठवण एकट्या माझ्या मनगटावर होते. घर शांत झालं. एका खात्यावर होतो तेव्हा आम्हाला एकमेकांचं सगळं कळायचं. कुणाची साखर किती, कुणाचा ठिपका कुठे, कुणी कोथिंबीर विसरली. माझं तेवढं एक कुणाला कळलं नाही. कळलं ते एकीलाच, आणि तिने ते आजवर जपलं.

सांगायचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकदा टॅबलेटवर लिहायला घेतलं. ‘मला माफ’ एवढं लिहिलं, तर पुढचे शब्द कंपनीनेच सुचवले: ‘करा, नंतर फोन करतो.’ मी टॅबलेट मिटला. एकदा ती चुलीशी एकटी होती म्हणून गेलो, तर तिने हातावर गरम वडा ठेवला आणि माझं तोंड भरलं. कोनच्या त्या हळदीहून परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. ती चालवत होती. कल्याणच्या रस्त्याला नेहमीसारखी ट्रकांची रांग लागली होती, कुणाला कुठे जायची घाई करून उपयोग नव्हता. याहून चांगली वेळ मला मिळाली नसती.

“निशा,” मी म्हणालो.

“काय, बाबा?” तिने रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. तसंच, सात वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसं.

“एसी जरा कमी कर.”

तिने कमी केला. पुढचा ट्रक हलला आणि आम्हीही हललो.

मला म्हणायचं होतं ते हे होतं. निशा, ते धवले मी पुसले. तुला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, म्हणून पुसल्याची माफी मी मागत नाही. ती मागणं सोपं आहे. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी मान वळवली. त्यानंतर दर मांडवात तुझ्यावर हसणाऱ्यांत मी होतो. धवलारणीशेजारची तुझी जागा गेली ती माझ्यामुळे. मला त्याची माफी दे, पोरी.